चरबीवाचून रबर

धानाचं टरफल काढाले राइस मिलमध्ये जे रबराचे रोल लागतात, ते सगळ्या बालाघाटात एकाच कारखान्यात बनत, अन् तिथं मी मिक्सिंग मिलवर होतो. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांब शेड, एक वाफेची भट्टी, एक प्रेस, अन् मधात ती मिल. मिल म्हणजे दोन जाडजूड लोखंडी बेलन, एकमेकाले लागून उलटे फिरणारे. त्याच्यात कच्चं रबर घालाचं, चादर निघाली की तिच्यावर गंधक, जस्ताची पांढरी भुकटी अन् चिनी माती पेराची, कापाचं, गुंडाळाचं, पुन्हा घालाचं. लोकाले वाटते रबर म्हणजे आपोआपच नरम. अबे, कच्च्या रबराएवढं अडेल दुसरं काही नाही! त्याच्यात काहीतरी तेलकट घातल्याशिवाय ते भुकटी घेतच नाही, अन् जबरदस्तीनं घातली तं भट्टीतून निघते तो दगड. आमच्याकडं त्यासाठी चरबी घालत होते, रोलमध्येही अन् मधून मधून निघणाऱ्या काळ्या मालातही, म्हणजे बसचे वॉशर, पंपाचे पट्टे.

चरबी ढोराची. हाडगोदामातून यायची, रॉकेलच्या रिकाम्या डब्यात भरून. आमच्या वस्तीतला एक म्हातारा तो डबा डोक्यावर घेऊन यायचा. कारखान्यात दहा-बारा जण, सगळ्या जातीचे, पण डबा त्यानंच आणाचा. हे कोणी ठरवलं नव्हतं अन् कोणी विचारतही नव्हतं. डबा कोपऱ्यात ठेवला की दुसरा एक गडी पळीनं काढून माह्या चादरीवर सोडाचा. एकदा रबरात मिसळली की मले तिचं काही वाटत नव्हतं, रबर ते रबर. पण डब्याले मी कधी बोट लावलं नाही.

कारण माहा बाप. छप्पन सालच्या दसऱ्याले तो नागपूरले गेला तं जातानी एक माणूस होता, अन् आला तो दुसराच. दीक्षा घेऊन आला अन् पहिल्याच दिवशी गावच्या पाटलाले सांगून टाकलं, आजपासून मेलेलं ढोर ओढणं बंद. गावानं विहीर बंद केली, काम बंद केलं. बापानं आईले अन् मले घेऊन किरनापुराकडचं ते गाव सोडलं, बालाघाटात आला, मँगनीजच्या खदानीत टोपली उचलू लागला. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. बाप लय कमी बोले, पण एक गोष्ट त्यानं मले दहा वेळा सांगतली असन. "ज्या दिवशी तू मेलेल्या ढोराचं काही डोक्यावर घेशीन, त्या दिवशी या घरातलं अन्न तुह्यासाठी नाही." तो धमकी देत नव्हता, नियम सांगत होता.

सत्तर साल लागाच्या आसपासची गोष्ट. तो म्हातारा लेकाकडं भिलाईले निघून गेला. दोन दिवस चरबी आली नाही. तिसऱ्या दिवशी शेठ मिलपाशी आला. शेठ म्हणजे कारखान्याचा मालक, हिंदी बोलणारा, तसा मनानं वाईट नाही, मले काम त्यानंच शिकवलं होतं. मोठ्या सहजपणे म्हणाला, "कल से डब्बा तू ले आया कर."

मी म्हटलं, "मी मिलवर आहो शेठ. मिल कोण चालवन?"

"आधा घंटा लगता है. तुम लोगों को तो आदत है."

तळपायाची आग मस्तकात गेली. मिल बंद केली. चालू मिल मधातच बंद केली की रबर बेलनाले चिकटून बसते, ते काढाले अर्धा दिवस जाते, हे मले माहीत होतं अन् शेठलेही. सगळे गडी पाहून राह्यले होते. मी म्हटलं, "कोणाले सवय आहे? मले? माह्या बापानं विहिरीचं पाणी सोडलं, पण ते काम सोडलं. मी नाही आणणार."

"तो फिर रोल कैसे बनेगा? तू बता."

"चरबीवाचून बनवीन." तोंडातून निघून गेलं. कसं बनवीन ते मले काय माहीत होतं, डोंबलाचं!

शेठ हसला. मंग हसणं थांबवून त्यानं हिशोबानं सांगतलं: संक्रांतीपर्यंत चरबीवाचून रोल करून दाखव, चालला पाहिजे असा. नाही तं डबा आण. दोन्ही जमत नसन तं घरी बस. तोपर्यंतची चरबी तो पेटीत घालून आपल्या जीपमधून आणणार होता, म्हणजे कोणाले दिसणार नाही. बालाघाटात रबराचं दुसरं काम नव्हतं. मले दुसरं काही येतही नव्हतं. घरी बायको, म्हातारे माय-बाप. पण मी हौ म्हटलं अन् चिकटलेलं रबर खरवडाले बसलो.

आता चरबीच्या जागी तेल घालाचं हे कोणालेही सुचलं असतं. मुंबईहून येणारं खनिज तेल होतं, पण ते महाग अन् काळं, अन् तांदळाले लागणाऱ्या रोलमध्ये काळं चालत नाही. म्हणून शोधत बसलो झाडाबियांचं. पहिलं घेतलं करंजाचं, कारण घाण्यावर सहज भेटलं. बाप्पा, काय चादर निघाली! लोण्यासारखी. मी मोठा खूश. गावातल्याच एका राइस मिलले रोलची जोडी लावली. चौथ्या दिवशी त्या मिलचा मालक पितळेचा डबा घेऊन कारखान्यात हजर. डबा उघडला, भात.

"खा," म्हणाला.

मी एक घास घेतला. कडू जहर! करंज कडू असते हे शेंबड्या पोरालेही माहीत आहे, अन् मी ते तेल घातलं होतं धान सोलाच्या रोलमध्ये. रोलच्या अंगावर सुटलेलं तेल तांदळाले लागलं होतं. तो माणूस म्हणाला, "पूर्ण खा. माह्या घरी सोळा माणसानं हाच खाल्ला." मी पूर्ण खाल्ला. शेठ बाजूले उभा राहून पाणी पितानी हसून राह्यला होता.

मंग जवस. जवसाच्या तेलानं रोल पंधरा दिवस देखणा राह्यला, मंग वरची साल वाळली अन् तडकली. जवसाचं तेल हवेनं वाळते. आमच्या इथले सुतार त्याच्यानंच तं दारं चमकवतात. मीच असा शहाणा की दाराचं तेल रोलले लावून मऊपणाची वाट पाहून राह्यलो होतो.

बायकोनं मोहाचं सुचवलं. ती बैहरकडची, जंगलपट्ट्यातली. मोहाच्या बीले आमच्याकडं टोरी म्हणतात. तिच्या माहेरी टोरीच्या तेलाशिवाय भाजीले फोडणी नाही. "आम्ही खातो ना ते?" ती म्हणाली. "मंग तांदळाले लागलं तं काय होईन?" मी आणखी एक गोष्ट पाह्यली. टोरी जंगलात दर वर्षी पडते. बाया टोपल्या घेऊन जातात, वेचून आणतात. झाड तिथंच उभं राह्यते अन् पुढच्या वर्षी पुन्हा देते. कोणाले मारा लागत नाही अन् कोणाले ओढा लागत नाही. हे मले तेल म्हणून कमी अन् उत्तर म्हणून जास्त आवडलं.

दसऱ्याच्या सुमारास टोरीच्या तेलाचे रोल भट्टीतून काढले. गंधक नीट लागला होता, म्हणजे रबर पक्कं झालं होतं, नख रोवलं तं दाबून परत वर येत होतं. कडू नाही, चिकट नाही, तडा नाही. महिनाभर बालाघाटातच चालवले, धान असं सोललं जाई की मिलवाल्यानं स्वतः निरोप पाठवला. शेठले कबूल करा लागलं. त्यानं चार जोड्या बैहरच्या मोठ्या राइस मिलले पाठवल्या, मले म्हणाला, "लगता है तू जीत गया." मी बापाले जाऊन सांगतलं. बाप म्हणाला, "संक्रांत आली का?" म्हटलं नाही. "मंग थांब," म्हणाला.

पुसात बैहरहून चिठ्ठी आली. रोल लाकडासारखे कडक झाले, वर पांढरी राख चढली, सकाळचं पहिलं धान सोलण्याऐवजी तुटते, एका रोलचे टवके उडाले. शेठनं चिठ्ठी वाचून दाखवली अन् माह्यासमोर ठेवली. "अब डब्बा?" एवढंच बोलला. मी म्हटलं, संक्रांतीले अजून अठरा दिवस आहेत, मी बैहरले जाऊन पाहून येतो. त्यानं खांदे उडवले.

बैहरच्या मिलमध्ये तो रोल हातात घेतला अन् माह्या तोंडचं पाणी पळालं. राख नव्हती ती. बोटानं पुसली तं बोटाच्या उबेनं विरघळली, तेलकट. दुपारी ऊन चढल्यावर तोच रोल पुन्हा मऊ. मिलवाला म्हणाला, "भूत लागलं का तुमच्या रबराले? सकाळी एक, दुपारी एक." मुक्कामाले सासुरवाडीले गेलो, बैहरहून चार कोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी चहा घेऊन बसलो होतो. थंडी अशी की बोलतानी वाफ निघे. सासूनं भाजी टाकाले तेलाची बाटली घेतली, उलटी केली, तेल पडेना. तुपासारखं गोठून बसलं होतं, पांढरं. तिनं बाटली चुलीच्या कडेले ठेवली अन् कांदा चिरत बसली.

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढ्या जोरानं की सासू दचकली.

अबे गधड्या! लग्नाले सहा वर्षं झाली होती. सहा हिवाळे ही बाटली मी चुलीपाशी पाह्यली होती. बालाघाटात माह्याच घरी बायको ठेवे, मी स्वतः दोनदा उचलून ठेवली होती. मोहाचं तेल थंडीत गोठते हे ज्याले माहीत नाही असा माणूस त्या मुलखात सापडणार नाही. अन् मी ते तेल रबरात घातलं अन् समजलो की रबरात गेलं म्हणजे त्याले थंडी वाजत नाही! एखादा मुंबईचा इंजिनिअर चुकला असता तं म्हटलं असतं, त्याले काय माहीत. मी खाऊन-पिऊन चुकलो.

सासूले सगळं सांगतलं. तिनं कांदा चिरणं न थांबवता विचारलं, "मंग पातळ का नाही घेतलं?"

"कोणतं पातळ?"

तिनं मले मागच्या पडवीत नेलं. तिथं आड्याले जुन्या लुगड्याचं एक गाठोडं टांगलेलं, खाली मडकं. गाठोड्यात पांढरं गोठलेलं टोरीचं तेल, अन् त्याच्यातून टिप टिप करून मडक्यात पडून राह्यलं होतं पिवळं, पातळ, स्वच्छ तेल. त्या घरातली ही रीतच होती. पुसात तेल बाहेर गोठू द्याचं, कपड्यात बांधून टांगाचं. जे गोठत नाही ते खाली गळते. ते दिव्याले अन् सांधे चोळाले, कारण दिव्यात गोठून चालत नाही. घट्ट उरते ते चुलीले. मी मडक्यात बोट बुडवलं. सगळं अंगण गारठलं होतं, तरी ते तेल पाण्यासारखं वाहत होतं.

मी सासूच्या पायाच पडलो. ती म्हणाली, "उठा जावाई, भाजी टाकाची आहे."

मंग अकरा दिवस मी तिथंच होतो. सासूनं गावातल्या बायांकडून तेल मागून आणलं, मी तिच्या सांगण्यानं पाच गाठोडी टांगली. घाई केली तं जमत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. मी गाठोडं पिळलं, तं घट्टही खाली उतरलं. सासूनं हातावर चापट मारली. "पिळाचं नाही. आपोआप गळू द्याचं." पहिल्यांदा गळलेलं तेल पुन्हा उघड्यावर ठेवलं, त्यातही थोडं गोठलं, तं पुन्हा कपड्यातून काढलं. दर सकाळी उठून पाहू, मडक्यात काही तरंगते का. सातव्या सकाळी अंगणातल्या गवतावर पांढरं दव गोठलं होतं, अन् मडक्यातलं तेल तसंच पातळ. मी एकटाच अंगणात ओरडलो.

दोन डबे भरले. बसमधला कंडक्टर म्हणे, तेलाचे डबे आत नाही, टपावर टाक. मी म्हटलं, टपावर मीच बसतो डबे घेऊन. पाऊण रस्ता टपावरच आलो, बैहरचा घाट उतरतानी दात वाजत होते.

बालाघाटात येऊन त्याच दिवशी मिल लावली. चादर चांगली निघाली, पण माहा आता चांगल्या चादरीवर विश्वास नव्हता. रोल भट्टीतून निघाल्यावर शेठले म्हटलं, "इथं नाही पाहाचं. बैहरले चला. रात्रभर उघड्यावर ठेवू अन् सकाळी तुमच्यासमोर लावू." संक्रांतीले दोन दिवस होते. शेठ जीप घेऊन आला. सकाळी आम्ही मिलच्या ओट्यावर गेलो तं रोलवर दव साचलं होतं. मी धोतराच्या सोग्यानं पुसलं. पांढरं काही नाही. नख रोवलं. दबलं, अन् वर आलं.

रोल चढवले, धान सोडलं. पहिलीच टोपली. शेठनं वाकून दोन्ही हातात तांदूळ घेतला, उन्हाकडं नेऊन पाह्यला. अख्खा. त्यानं आणखी एक ओंजळ घेतली, मंग आणखी एक. माह्याकडं पाहून म्हणाला, "बस. चरबी बंद." मले रडू आलं अन् मी ते लपवलंही नाही.

असं वाटेन की गोष्ट इथं संपली. मलेही वाटलं.

पंधरा दिवसानं दुपारी मी मिलवर होतो. फाटकातून माह्याच वस्तीतला एक माणूस आत आला, माह्या घरापासून तिसरं घर. खदानीतलं काम सुटून त्याले दोन महिने झाले होते. त्याच्या डोक्यावर रॉकेलचा डबा, खाली चुंबळ, मानेवरून तेलकट ओघळ. त्यानं मले पाह्यलं अन् नजर खाली घातली.

मी मिल थांबवली. शेठ हापीसातून धावत आला. "अरे, ये तो काले माल का है! बस के वॉशर, पंप के पट्टे. तेरे रोल में कहाँ डाल रहा हूँ? तुझे तो नहीं लाना पड़ रहा."

खरं होतं. मी रोलचंच बोललो होतो, तेवढंच मागतलं होतं. एवढ्या महिन्याच्या धावपळीत माह्या डोक्यात हे आलंच नव्हतं, की मी डबा नाही घेतला तं तो जमिनीवर राहणार नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाईन, अन् ते डोकं माह्याच गल्लीतलं असन. त्या दिवशी मले स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी तो कडू भात खातानीही वाटली नव्हती.

मी म्हटलं, "काळ्या मालातही हेच तेल जाईन. वॉशरमध्ये गोठलेलं घट्टही चालन, ते इंजिनाच्या गरमीतच राह्यतात. मी करून देतो. पण या शेडमध्ये डबा आला तं मी बाहेर. अन् तेल कसं गाळाचं ते माह्यासंगं बाहेर जाईन."

शेठ लाल झाला. "धमकी दे रहा है?"

"हौ," मी म्हटलं.

डबा डोक्यावर घेतलेला माणूस अजून उभाच होता, कारण उतरवून घ्याले कोणी पुढं येत नव्हतं. सगळे गडी पाहून राह्यले होते. डबा एकट्यानं उतरत नाही, समोरच्यानं हात द्या लागते. मी गेलो, दोन्ही हातानं डबा धरला अन् त्याच्या डोक्यावरून खाली घेतला. चरबी माह्या कोपरापर्यंत आली. आम्ही दोघांनी तो फाटकाबाहेर नेऊन ठेवला. आत आलो तं शेठ हापीसात निघून गेला होता, अन् जातानी मुनीमले सांगून गेला होता की त्या माणसाले उद्यापासून भट्टीवर ठेव. डबा पुन्हा आला नाही.

संध्याकाळी घरी गेलो. बाप ओट्यावर बसला होता. लपवाचं नव्हतंच. मी उभ्या-उभ्याच सांगतलं, "बाबा, आज मी चरबीच्या डब्याले हात लावला."

बापानं माह्या हाताकडं पाह्यलं.

"चढवतानी, का उतरवतानी?"

"उतरवतानी."

बाप उठला, त्यानं स्वतः लोटा भरला अन् माह्या हातावर पाणी धरलं. "चांगले घासून धू," म्हणाला, "अन् जेवाले बस."